स्विचची तपासणी स्विचच्याच आत कशी गेली

आज स्विचमध्ये (नेटवर्कमधली मशीन्स एकमेकांना जोडणारं यंत्र) लॉगिन करायचं, पोर्टवर (केबल लावायची जागा) टीडीआर टेस्टची, म्हणजे केबल कुठे बिघडलीय ते शोधणाऱ्या टेस्टची, कमांड द्यायची, काही सेकंद थांबायचं आणि रिझल्ट वाचायचा: पेअर ए (केबलमधली तारांची एक जोडी) नॉर्मल, पेअर बी ओपन (तुटलेली), अंतर अमुक मीटर, अधिक-उणे थोडं. खुर्चीतून उठायचीसुद्धा गरज नाही. पण हे काम मुळात स्विचचं नव्हतंच, बाहेरची वेगळी यंत्रं घेऊन माणसं ते करायची, आणि गंमत म्हणजे स्विचनेच त्या यंत्रांना आंधळं केलं, मग तपासणी आपसूक त्याच्याच गळ्यात पडली.

सुरुवात कोअॅक्स केबलपासून करावी लागेल. 1973 मध्ये झेरॉक्स पार्कला बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज इथरनेटवर, म्हणजे मशीन्स केबलने एकमेकांना जोडायच्या पद्धतीवर, काम करत होते, 1980 ला डेक, इंटेल आणि झेरॉक्सने मिळून स्पेसिफिकेशन काढलं आणि 1983 ला आयईईई या संस्थेचं 802.3 हे मानक आलं. तेव्हा सगळी मशीन्स एकाच जाड केबलला टॅप करून जोडलेली, एक सेगमेंट (केबलचा एक सलग भाग) जास्तीत जास्त 500 मीटर, दोन्ही टोकांना सिग्नल परत फिरू न देणारे 50 ओहमचे टर्मिनेटर. आता यात कुठेही केबल तुटली किंवा एक टर्मिनेटर सैल झाला की सिग्नल तिथून परत फिरायचा आणि अख्खा सेगमेंट आडवा, फक्त त्या एका मशीनचं नेटवर्क जाऊन भागायचं नाही. मग टीडीआरचा डबा आणायचा. केबलमध्ये एक पल्स सोडायची आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते मोजायचं. केबलमध्ये सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण 20 सेंटिमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन मीटरमागे साधारण 10 नॅनोसेकंद, 200 नॅनोसेकंदांनी इको आला तर फॉल्ट अंदाजे 20 मीटरवर. केबल तुटलेली असेल तर इको सुलटा येतो, शॉर्ट असेल तर उलटा. ही युक्ती इथरनेटच्याही आधीची आहे आणि आजच्या स्विचमधली टीडीआर टेस्ट तत्त्वाने अगदी हीच, फरक एवढाच की तो डबा आता पोर्टच्या चिपमध्ये बसलाय.

नेटवर्कने स्वतःची टेस्ट स्वतःच करायची हा प्रकारही तेव्हाच सुरू झाला. ट्रान्सीव्हर (केबलवर सिग्नल पाठवणारा आणि घेणारा भाग) प्रत्येक फ्रेम (डेटाचं एक पाकीट) पाठवून झाली की कोलिजन, म्हणजे दोन मशीन्सच्या सिग्नलची टक्कर, कळवणाऱ्या वायरवर एक छोटासा सिग्नल द्यायचा, म्हणजे कोलिजन ओळखणारं सर्किट जिवंत आहे हे मशीनला कळावं. याला एसक्यूई टेस्ट किंवा हार्टबीट म्हणायचे. कल्पना छान, पण हाच ट्रान्सीव्हर रिपीटरला (सिग्नल ताजा करून पुढच्या सेगमेंटला देणारं यंत्र) लावला की रिपीटर त्या सिग्नलला खरंच कोलिजन समजायचा, म्हणून रिपीटरला लावताना ती टेस्ट बंद ठेवावी लागायची. टेस्टमुळेच प्रॉब्लेम, हे दुखणं या विषयात पुढेही सुटलेलं नाही.

1990 ला 10बेस-टी आलं, म्हणजे ट्विस्टेड पेअरवरचं (पीळ दिलेल्या तारांच्या जोड्या) इथरनेट, आणि त्यात काही डेटा नसतानाही साधारण दर 16 मिलिसेकंदांनी एक लिंक पल्स जाते. पोर्टवरचा तो हिरवा दिवा यातूनच आला, आणि माझ्या मते आजवरची सगळ्यात जास्त वापरली गेलेली नेटवर्क टेस्ट हीच. फक्त मूळ 10बेस-टीत दिवा लागला म्हणजे या टोकाला पल्स पोचतायत एवढंच, इथून गेलेल्या पल्स तिकडे पोचतायत की नाही हे तो सांगत नाही, त्यामुळे एका टोकाला दिवा आणि दुसरीकडे अंधार असा प्रकार व्हायचा.

त्याच वर्षी काल्पाना कंपनीचा इथरस्विच बाजारात आला (1994 ला सिस्कोने ती कंपनी विकत घेतली). तोपर्यंत ट्रॅफिक बघायची पद्धत सोपी होती. सगळ्यांचं सगळं सगळीकडे जातंय, तर कुठल्याही कोपऱ्यात अॅनालायझर (ट्रॅफिक वाचून दाखवणारं यंत्र) लावा, नेटवर्क जनरलचा स्निफर 1986 पासून होताच, आणि कार्ड प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये (दुसऱ्यांच्या फ्रेम्सही घेणारा मोड) टाका की सगळं समोर. स्विच मात्र फ्रेम ज्याची त्यालाच देतो. अॅनालायझर लावलात तर त्याला ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीच्या फ्रेम्स) आणि थोडंफार फ्लडिंग (कोणाकडे द्यायची माहीत नाही म्हणून सगळीकडे पाठवलेल्या फ्रेम्स) दिसणार, बाकी चिडीचूप. परफॉर्मन्ससाठी हे उत्तम, पण ट्रबलशूटिंगवाल्याच्या हातातलं मुख्य हत्यार एका झटक्यात बोथट झालं. म्हणून मग पोर्ट मिररिंग आलं, सिस्को त्याला स्पॅन म्हणतं: एका पोर्टच्या ट्रॅफिकची कॉपी दुसऱ्या पोर्टवर. त्यातही मेख आहे, दोन्ही दिशांचा मिळून ट्रॅफिक कॉपीच्या पोर्टच्या स्पीडपेक्षा जास्त झाला तर कॉपीतल्या फ्रेम्स गळतात, आणि ज्या बिघडलेल्या फ्रेम्स शोधायच्या त्या स्विच आधीच टाकून देतो म्हणून बऱ्याचदा कॉपीत येतच नाहीत.

म्हणजे ज्याने फ्रेम टाकली त्यालाच विचारावं लागणार. इथे काउंटर्सचं, म्हणजे स्विच स्वतः ठेवतो त्या फ्रेम्स आणि एररच्या मोजणीचं, महत्त्व वाढलं. दुरून असे आकडे विचारायची पद्धत, एसएनएमपी, 1988 ला आलं होतं, 1991 ला त्यावर नेटवर्कवर दुरून नजर ठेवायचं आरमॉन आलं, आणि पूर्ण आरमॉन स्विचला जड म्हणून बऱ्याच स्विचेसमध्ये स्टॅटिस्टिक्स, हिस्टरी, अलार्म आणि इव्हेंट एवढे चारच ग्रुप टाकले गेले. पण तेवढ्यानेही खूप कळतं. उदाहरण घ्या डुप्लेक्स मिसमॅचचं (एक टोक फुल, म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलणारं, आणि दुसरं हाफ, म्हणजे एका वेळी एकाच दिशेने), 1995 च्या फास्ट इथरनेटसोबत ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी स्पीड आणि डुप्लेक्स आपसात ठरवणं) आलं आणि एका बाजूला ऑटो, दुसऱ्या बाजूला हाताने 100 फुल सेट केलेलं अशा जोड्या सर्रास दिसू लागल्या, तर ऑटोवाली बाजू स्पीड ओळखते पण डुप्लेक्स हाफ धरते. मग हाफवाल्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) वाढतात, फुलवाल्या बाजूला सीआरसी एरर (बिघडलेल्या फ्रेम्स) आणि रंट्स (अर्धवट, छोट्या फ्रेम्स). पिंग नीट जातं, फाइल कॉपी मात्र रखडते. केबल टेस्टरने यात काहीच सापडणार नाही कारण केबलला काही झालेलंच नाही, दोन्ही बाजूंचे काउंटर शेजारी ठेवून वाचले तर मिनिटभरात कळतं. आणखी एक, स्विच कट-थ्रू असेल, म्हणजे फ्रेम पूर्ण यायच्या आधीच पुढे पाठवू लागत असेल, तर खराब फ्रेमही पुढे ढकलतो, तेव्हा सीआरसी एरर दिसला म्हणून तीच लिंक खराब असं लगेच म्हणू नये, मूळ दोन स्विच मागेही असू शकतं.

काउंटर लिंकबद्दल सांगतात, पण स्विचच्या पोटातलं हार्डवेअरच गेलं असेल तर? त्यासाठी पीसीसारखी पोस्ट, म्हणजे पॉवर दिल्यावर मेमरी आणि एएसिक (फ्रेम्स हलवणाऱ्या खास चिप्स) तपासायचे, पोर्टच्या आतल्या आत लूपबॅक करून एक पॅकेट फिरवून आणायचं, आणि नापास झाला तर सिस्टमचा दिवा पिवळट. अडचण अशी की मोठा चासी स्विच (सुटी मॉड्यूल्स बसवायचा) वर्षानुवर्षं रीबूट होत नाही, मग बूटच्या वेळची टेस्ट काय कामाची. म्हणून सिस्कोने कॅटलिस्ट 6500 सारख्या स्विचेसवर गोल्ड नावाची ऑनलाइन डायग्नॉस्टिक्स आणली: काही टेस्ट बूटला, काही सतत मागे चालू, काही हाताने किंवा ठरलेल्या वेळी. प्रत्येक टेस्टवर डिसरप्टिव्ह (ट्रॅफिक तोडणारी) की नॉन-डिसरप्टिव्ह असा शिक्का असतो आणि तो न वाचता सगळ्या टेस्ट एकदम सुरू करणं म्हणजे चालू नेटवर्क स्वतःच्या हाताने पाडणं, मेमरीच्या काही टेस्टनंतर तर मॉड्यूल रीसेट करावं लागतं.

आता टीडीआर चिपमध्ये कसा शिरला ते. 1999 च्या 1000बेस-टीमध्ये चारही जोड्यांवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी सिग्नल जातो, त्यामुळे आपण पाठवलेल्याचा इको आलेल्या सिग्नलमधून वजा करावाच लागतो, नाहीतर समोरचं ऐकूच येणार नाही. म्हणजे इको ओळखणारं आणि मोजणारं डीएसपी (सिग्नलवर गणितं करणारं) सर्किट प्रत्येक गिगाबिट पोर्टमध्ये आधीच आलेलं. मग त्याच सामानावर केबल टेस्ट बसवणं फारसं महागात पडलं नाही, मार्वेलने तर व्हर्च्युअल केबल टेस्टर या नावाने ती विकली. अर्थात अचूकता दोन-चार मीटर इकडे-तिकडे आणि टेस्ट चालू असताना बहुतेक चिप्सवर लिंक पडते, तेव्हा चालू सर्व्हरच्या पोर्टवर ही कमांड देताना जपून.

फायबरचा मार्ग वेगळा, तिथे पोर्टमध्ये बसवायचं, फायबर जोडणारं एसएफपी मॉड्यूल स्वतःच तापमान, व्होल्टेज, लेझरचा करंट, जाणारा आणि येणारा पॉवर सांगतं, एसएफएफ-8472 या मानकात ते ठरवलंय. लिंक न पाडता मिळणारी माहिती म्हणून मला ही सगळ्यात आवडते, लेझर म्हातारा झाला की करंट हळूहळू चढताना दिसतो.

बराच काळ हे सगळं ज्या त्या कंपनीच्या कमांडमध्ये अडकलेलं होतं. 2020 ला लिनक्स कर्नल 5.8 मध्ये केबल टेस्टसाठी कॉमन इंटरफेस आला, त्यामुळे लिनक्सवर चालणाऱ्या स्विचवर, चिप आणि ड्रायव्हरने साथ दिली तर, इथटूल या लिनक्सच्या कमांडनेच ती टेस्ट चालवता येते, कंपनी कुठलीही असो.