पेरूजा : मिठाचा कर आणि गाडलेली पेठ

पेरूजाला एका दिवसासाठी येणारा माणूस बहुधा दक्षिणेकडून, खालच्या पियात्सा पार्तिजानी चौकातून शहरात शिरतो. बस तिथे थांबते, गाडीही तिथेच लावायची, आणि सरकत्या जिन्यावर उभं राहायचं. एक जिना, दुसरा, तिसरा. विमानतळावर किंवा मॉलमध्ये असतात तसेच साधे जिने. मध्येच ते संपतात आणि आपण एका गल्लीत उभे असतो. दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, दाराच्या चौकटी, खिडक्यांच्या जागा, वळणावर एखादा मनोरा. फक्त वर आकाश नाही. गल्लीवर विटांचं उंच कमानदार छत आहे. थोडं चालून पुन्हा जिना घ्यायचा, की आपण डोंगरमाथ्यावरच्या पियात्सा इतालियात बाहेर पडतो.

घाईतला पर्यटक याला ‘भुयार’ म्हणतो आणि फोटो काढून पुढे जातो. पण हे भुयार नाही. ही एक पेठ होती, उन्हापावसातली. 1540 साली तिच्यावर छत आलं, छतावर किल्ला आला, आणि तो किल्ला पेरूजाचं रक्षण करायला बांधलेला नव्हता. पेरूजाकरांना दाबून ठेवायला बांधलेला होता. या शहराच्या दगडांचा अर्थ लावायचा तर एवढं लक्षात ठेवावं : तट शहराने स्वतःसाठी बांधले, किल्ले दुसऱ्यांनी शहराविरुद्ध बांधले. तट आजही उभे आहेत. किल्ले पेरूजाकरांनी पाडले.

रोमच्या उत्तरेला, उंब्रिया प्रांतात, टायबर नदीच्या खोऱ्यावर साधारण 450 ते 500 मीटर उंचीवर हे शहर बसलं आहे. इथे पक्कं शहर उभारलं ते एत्रुस्कन लोकांनी. रोम मोठं होण्याआधी मध्य इटलीवर यांचा पगडा होता. त्यांनी माथ्याभोवती सुमारे तीन किलोमीटरचा तट घातला, ट्रॅव्हर्टिन दगडाचे मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक बसवून. बांधकाम इसवीसनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातलं. आपल्याकडच्या गडावर फिरलेल्या माणसाला इथे पहिला प्रश्न सुचतो तो पाण्याचा, आणि त्याचं उत्तर शहराच्या मध्यावर आहे : त्याच काळात खोदलेली 37 मीटर खोल विहीर. आज तिच्यात उतरून पाहता येतं. ओल्या पायऱ्या आहेत, पादत्राणं बरी असावीत.

या तटाची सगळ्यात देखणी वेस उत्तरेला आहे. दोन बाजूंना दोन बुरूज, मध्ये कमान. कमानीवर कोरलं आहे ‘आउगुस्ता पेरूसिया’, म्हणजे ऑगस्टसचं पेरूजा. शहराच्या वेशीवर परक्याचं नाव का? त्यामागे एक वेढा आहे.

ज्युलियस सीझरच्या खुनानंतर सत्तेसाठी जी झोंबाझोंबी झाली, तिच्यात मार्क अँटनीचा भाऊ लुसियस हा या शहरात आश्रयाला शिरला. ऑक्टेव्हियनने, म्हणजे पुढच्या सम्राट ऑगस्टसने, इसवीसनपूर्व 41 च्या अखेरीस शहर वेढलं आणि हिवाळाभर उपाशी ठेवलं. ‘पेरूजाची उपासमार’ हा शब्दप्रयोग पुढे लॅटिन साहित्यात रुळला. त्या वेढ्यातले शिशाचे गोफणगुंडे उकरून निघाले आहेत. दोन्हीकडच्या सैनिकांनी त्यांवर मजकूर उमटवलेला आहे आणि तो बहुतांशी घरात मोठ्याने वाचता येणार नाही असा आहे. एकमेकांच्या सेनापतींच्या टकलापासून ते अगदी खालपर्यंत सगळं त्यात आलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा सामान्य शिपाई इतक्या स्पष्टपणे क्वचितच ऐकू येतो. इसवीसनपूर्व 40 मध्ये शहर पडलं आणि जळालं. ज्याने उपाशी मारलं त्यानेच पुढे ते पुन्हा उभारायला लावलं आणि वेशीवर आपलं नाव घातलं.

यानंतरची हजारेक वर्षं मी एका वाक्यात ओलांडतो : साम्राज्य गेलं, गॉथ आले, बायझंटाइन आले, आणि हळूहळू मध्य इटलीच्या मोठ्या पट्ट्यावर पोप हा धर्मगुरूबरोबरच राजाही झाला. पेरूजा कागदोपत्री त्याच्या राज्यात मोडत होतं. प्रत्यक्षात बाराव्या-तेराव्या शतकात ते आपला कारभार आपणच पाहत होतं, शेजाऱ्यांशी आपल्या मर्जीने लढत होतं. 1202 मध्ये समोरच्या असिसी गावाशी लढाई झाली तेव्हा पेरूजाने जे कैदी धरले, त्यांत एक कापड-व्यापाऱ्याचा मुलगा होता. पुढे तो संत फ्रान्सिस झाला.

याच काळात शहर तटाबाहेर सांडलं. डोंगराला पाच सोंडा आहेत. त्या प्रत्येक सोंडेवरून एक रस्ता खाली उतरत होता आणि रस्त्याच्या कडेने एकेक पेठ वाढत गेली. या पेठांना कवेत घेणारा दुसरा, मध्ययुगीन तट त्यानंतर आला. म्हणून नकाशावर पेरूजा गोल दिसत नाही, पंजा पसरल्यासारखं दिसतं. पाचही पेठांची नावं वेशींवरून पडली आणि आजही ती चालू आहेत.

माणसं वाढली तशी विहीर पुरेना. तेराव्या शतकात पेरूजाने उत्तरेकडच्या मोंते पाच्यानो डोंगरावरून काही किलोमीटर लांबून पाणी आणायचं ठरवलं. अडचण अशी की डोंगर आणि शहर यांच्यामध्ये खोल दरी. रोमन पद्धतीने पाणी नुसतं उतारावर सोडून भागणार नव्हतं. बंद नळातून खाली उतरवून त्याच दाबावर पुन्हा वर चढवायचं होतं. व्हेनिसचा बोनिन्सेन्या नावाचा जलतज्ज्ञ आणि फ्रा बेविन्याते हा साधू यांनी ते जमवलं. पाणी चौकात पोहोचलं तिथे 1275 ते 1278 या काळात शिल्पकार निकोला पिसानो आणि त्याचा मुलगा जोवान्नी यांनी कारंजं घडवलं, फोंताना माज्जोरे. खालच्या 25 बाजूंच्या कुंडावर बारा महिन्यांची कामं कोरली आहेत : पेरणी, कापणी, द्राक्षं तुडवणं, डुक्कर मारणं. देवादिकांच्या बरोबरीने शेतकरी. मला विचाराल तर पेरूजात एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर ती हीच पाहावी, आणि चारही बाजूंनी फिरून पाहावी. ती जलवाहिनी आज कोरडी आहे; तिच्या कमानींवरून पायवाट केली आहे आणि लोक दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांसमोरून चालत जातात.

शहर पोपशी भांडत होतं, तसं पोपला आश्रयही देत होतं. 1216 मध्ये तिसरा इनोसंट पोप इथेच वारला. 1216 ते 1305 या काळात पाच पोपांची निवड पेरूजात झाली. त्यांतल्या शेवटच्याने, पाचव्या क्लेमेंटने, 1308 मध्ये इथे विद्यापीठाला मान्यता दिली. कायद्याच्या अभ्यासात अनेक शतकं ज्याचं नाव प्रमाण मानलं गेलं तो बार्तोलो इथेच शिकवायचा.

पण जवळीक वाढली की वचकही हवासा वाटतो. 1370 च्या दशकात पोपच्या प्रतिनिधीने उत्तरेकडच्या पोर्ता सोले या उंचवट्यावर एक जबरदस्त किल्ला बांधला. पेरूजाकरांनी 1375 च्या अखेरीस उठाव केला, दगडफेकीचं एक अवाढव्य यंत्र उभारलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘काच्चाप्रेते’, म्हणजे पाद्री-हाकल्या. प्रतिनिधी निघून गेला, किल्ला जमीनदोस्त झाला.

पुढचं शतक भाडोत्री सेनानायकांचं आणि घराण्यांचं. 1416 मध्ये ब्राच्चो दा मोंतोने याने शहर घेतलं आणि मरेपर्यंत, 1424 पर्यंत, चालवलं. त्याच्यानंतर बाल्योनी घराणं डोईजड झालं. बाल्योनींना बाहेरच्या शत्रूची गरज नव्हती. 1500 च्या जुलैमध्ये घरातल्या लग्नाच्या निमित्ताने सगळे एकत्र जमले असताना एका शाखेने दुसऱ्या शाखेतल्या पुरुषांना रात्री झोपेत कापलं. कटातला तरुण ग्रिफोनेत्तो दुसऱ्याच दिवशी सूडात मारला गेला. त्याची आई अतालांता हिने पुढे चित्रकार राफाएलकडून येशूचं शव वाहून नेण्याचं चित्र करून घेतलं, 1507 मध्ये. त्या चित्रातली शुद्ध हरपलेली मेरी पाहताना अतालांता आठवल्याशिवाय राहत नाही. चित्र मात्र पेरूजात नाही. 1608 मध्ये पोपच्या भाच्याने, कार्डिनल बोर्गेझेने, ते रातोरात रोमला नेलं. ते आजही तिथे आहे.

आता मीठ. तिसरा पॉल हा पोप पैशाच्या तंगीत होता आणि त्याने आपल्या राज्यात मिठाचा भाव वाढवला. पेरूजाचं म्हणणं असं की आधीच्या पोपांनी आम्हाला वचनं दिली आहेत, नवा बोजा आमच्यावर लादता येणार नाही. पोपने ऐकलं नाही. 1540 च्या वसंतात शहराने 25 जणांचं मंडळ नेमलं, कॅथेड्रलच्या दारावर क्रूस चढवला आणि शहराच्या किल्ल्या त्याच्या पायाशी ठेवल्या. अर्थ सरळ होता : आमचा धनी ख्रिस्त, त्याचा मुनीम नव्हे. तो क्रूस चौकाच्या बाजूच्या दारावर आजही दिसतो. पण पोपचा मुलगा पिएर लुइजी फार्नेझे सैन्य घेऊन आला, मदतीला कुणी धावलं नाही, आणि जूनच्या सुरुवातीला शहर शरण गेलं.

शिक्षा म्हणून आला रोक्का पाओलिना, पॉलचा किल्ला. वास्तुकार आंतोनियो दा सांगाल्लो धाकटा. जागा मुद्दाम निवडली : बाल्योनींची घरं होती तीच. सांगाल्लोने ती सगळी पाडली नाहीत. भिंती तशाच ठेवून वर विटांच्या कमानी टाकल्या, गल्ल्या झाकल्या आणि पेठेचाच पाया करून वर किल्ला चढवला. एका गोष्टीपाशी मात्र त्याचा हात थांबला. एत्रुस्कन तटाची दक्षिणेकडची वेस, पोर्ता मार्झिया, त्याच्या आड येत होती. तिचे दगड सुटे करून त्याने ती काही मीटर पुढे, नव्या किल्ल्याच्या भिंतीत जशीच्या तशी बसवली. पोपची चाकरी करता करताही त्याच्यातला जाणकार जागा होता. त्या वेशीतून आजही आत जाता येतं.

उंब्रियातल्या बेचव पावाशी मिठावरून झालेल्या या युद्धाचा संबंध जोडतात. जेवायला बसलात की टोपलीत अळणी पाव येतो, आणि पोपच्या मिठावर पेरूजाने बहिष्कार घातला तेव्हापासूनची ही रीत, असं अभिमानाने सांगितलं जातं. गोष्ट छान आहे, पण पटत नाही. शेजारच्या टस्कनीतही पाव अळणीच असतो, आणि तिथे काही पोपचं राज्य नव्हतं. शिवाय तिथली खारवलेली मांसं आणि चीज इतकी खारट असतात की त्यांच्यासोबत अळणी पावच बरा लागतो.

किल्ला तीनशे वर्षं डोक्यावर बसून राहिला. 1848 च्या उठावांच्या लाटेत पेरूजाकरांनी तो पाडायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी पोपची सत्ता परतली आणि काम थांबलं. 1859 च्या जूनमध्ये शहराने पुन्हा बंड केलं. 20 जूनला पोपच्या पदरचे स्विस सैनिक आत घुसले आणि त्यांनी लुटालूट व कत्तल केली. नेमकं एक अमेरिकन कुटुंब तेव्हा इथल्या हॉटेलात होतं आणि कसंबसं वाचलं. बातमी अमेरिकी वृत्तपत्रांत गाजली आणि पोपची जगभर नाचक्की झाली. 1860 च्या सप्टेंबरमध्ये इटली एकत्र करायला निघालेल्या पिडमाँट राज्याचं सैन्य आलं, पोपची सत्ता कायमची गेली, आणि लोक कुदळी-फावडी घेऊन पुन्हा किल्ल्यावर चढले. वरचा भाग सगळा गेला. त्या मोकळ्या जागेवर पियात्सा इतालिया आणि बाग आली. खालची गाडलेली पेठ विसाव्या शतकात उपसून काढली आणि 1983 मध्ये तिच्यातून सरकते जिने नेले.

20 जून ही तारीख पेरूजाला आणखी एकदा भेटली. 1944 मध्ये त्याच दिवशी जर्मन सैन्य मागे हटलं आणि ब्रिटिशांचं आठवं सैन्य शहरात आलं. त्या सैन्यात भारतीय पलटणी होत्या आणि पुढचे काही आठवडे त्या टायबरच्या वरच्या खोऱ्यात एकेक टेकडी लढत राहिल्या.

दिवस संपताना पोर्ता सोलेवर यावं. ‘पाद्री-हाकल्या’ने पाडलेला किल्ला इथेच होता, आता कठडा आहे आणि उत्तरेकडे टेकड्यांच्या रांगा. त्या टेकड्यांपलीकडे मोंतोने आहे, ब्राच्चोच्या घराण्याचं गाव, तेही तटबंदीचं. त्याच खोऱ्यात 10 जुलै 1944 रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, आपल्या तुकडीतले सगळे पडल्यावर एकटेच मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. मोर्चा त्यांनी घेतला. लगेच लपलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्यांनी तेही पडले. वय 22. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव इटलीतल्या कासिनोच्या युद्धस्मारकावर आहे, आणि मोंतोनेत 2023 मध्ये त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ बसवलं आहे. पेरूजाहून तिथे रस्त्याने तासाभरात पोहोचता येतं.