सी भाषेतील हॅश टेबल आणि मेमरी लीकचा शोध

सी भाषेत मॅलॉक या फंक्शनने घेतलेली मेमरी फ्री या फंक्शनने परत करण्याआधीच तिचा पत्ता प्रोग्रॅमच्या हातून सुटला, तर त्या दोषाला मेमरी लीक म्हणतात. हॅश टेबल म्हणजे नावावरून गणिताने कप्पा (बकेट) ठरवून त्यात नोंद ठेवणारी रचना; एकाच बकेटमधील नोंदी लिंक्ड लिस्टने, म्हणजे प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता ठेवून, साखळीत जोडतात. अशा साखळ्यांवर उभारलेल्या हॅश टेबलमध्ये हा दोष विशेष आढळतो, कारण तेथे एकाच नोंदीसाठी दोन-तीनदा स्वतंत्रपणे मेमरी घेतली जाते आणि प्रत्येक तुकडा वेगळा परत करावा लागतो. हॅश टेबलची कल्पना आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये मांडली. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणक शाखेचे विद्यार्थी डेटा स्ट्रक्चर्स या विषयात ती शिकतात.

नाशिक जिल्ह्यातील बाजारांचे कांद्याचे दर ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम उदाहरणादाखल घेऊ. प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे साखळीतील एका नोंदीत, बाजाराच्या नावाचा पॉइंटर (पत्ता), डबल या दशांश संख्येच्या प्रकारातील क्विंटलमागचा दर आणि पुढच्या नोडचा पॉइंटर असे तीन घटक असतील, तर ६४ बिट यंत्रावर नोड २४ बाइटचा होतो. नाव नोडमध्ये नसते. नवी मेमरी घेऊन मजकुराची प्रत काढणाऱ्या स्ट्रडुप या फंक्शनने केलेली त्याची प्रत वेगळ्या जागी असते. ‘लासलगाव’ या शब्दात काना-वेलांट्या धरून ७ चिन्हे आहेत, यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात प्रत्येकाला ३ बाइट लागतात, आणि शेवटचा शून्य बाइट मिळवला की ही प्रत २२ बाइटची ठरते. हे दोन आकडे, २४ आणि २२, लक्षात ठेवावेत. पुढे गळती शोधणाऱ्या साधनाचा अहवाल वाचताना गळाले ते नोड की नाव, हे त्यांवरूनच ओळखता येते.

सर्वांत फसवी गळती दर बदलताना होते. नोंद घालणारे फंक्शन आधी नावाची प्रत करते आणि मग साखळीत शोधते. लासलगावची नोंद तेथे आधीच असल्यास फक्त दर बदलून परतते, आणि नुकतीच केलेली प्रत कोणाच्याच मालकीची राहत नाही. टेबलमधील दर बरोबर दिसतात, शोध बरोबर चालतो, पण प्रत्येक बदलामागे २२ बाइट जातात. आधी शोध घेऊन, नवा नोड करायचा असेल तेव्हाच प्रत काढावी, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

नोंद काढताना नोड फ्री करून नाव विसरणे ही चूक नेहमीची. तिचीच उलटी बाजू अधिक घातक आहे: नाव फ्री करणाऱ्या टेबलला स्ट्रडुपची प्रत न देता थेट प्रोग्रॅममध्येच लिहिलेल्या स्थिर मजकुराचा पत्ता दिला, तर गळती होत नाही, प्रोग्रॅमच कोसळतो. म्हणून नावाची मालकी टेबलकडे की बोलावणाऱ्याकडे, हे फंक्शन लिहिण्यापूर्वीच ठरलेले असावे. प्रस्तुत लेखकाच्या मते बहुतेक गळत्यांचे मूळ हा निर्णय न घेण्यातच असते. साखळीतील पहिला नोड काढताना बकेटमध्ये पुढच्या नोडचा पत्ता न ठेवता नल, म्हणजे रिकामा पत्ता, ठेवला, तर मागची सारी साखळी एका फटक्यात हरवते. टेबल वाढवताना नोड नव्या बकेटांत हलवून बकेटांची जुनी यादी, म्हणजे जुना बकेट-अ‍ॅरे तसाच सोडणे, हेही वरचेवर घडते.

शोधासाठी लिनक्सवर व्हॅलग्राइंड हे साधन रूढ आहे. प्रोग्रॅम डीबग माहितीसह, म्हणजे मूळ ओळींच्या क्रमांकांसह, कंपाइल करून त्याखाली चालवला असता तो बराच मंदावतो, पण गळालेला प्रत्येक तुकडा कोणत्या ओळीवर घेतला गेला हे कळते. येथे नवशिके अडखळतात: अहवाल मेमरी घेतल्याची ओळ दाखवतो, आणि चूक असते ती फ्री जेथे असायला हवे होते तेथे. लासलगावचा एकटा नोड हरवला तर अहवालात ४६ बाइट दिसतात, त्यांपैकी २४ थेट आणि २२ अप्रत्यक्ष. थेट म्हणजे ज्याचा पत्ता कोठेच उरला नाही, अप्रत्यक्ष म्हणजे ज्याचा पत्ता हरवलेल्या तुकड्यातच आहे. केवळ २२ बाइट थेट हरवलेले दिसले, तर नोड फ्री झाला आणि नाव राहिले, किंवा दर बदलतानाची प्रत सुटली. टेबल मोडताना फक्त बकेट-अ‍ॅरे फ्री केला असेल, तर प्रत्येक साखळीचा पहिला नोड थेट हरवलेल्यांत आणि मागचे नोड व नावे अप्रत्यक्षांत मोजली जातात, त्यामुळे थेट हरवलेल्या तुकड्यांची संख्या साधारणतः भरलेल्या बकेटांइतकी येते. जीसीसी व क्लँग या कंपायलरांमधील अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हा अधिक वेगवान पर्याय असून लिनक्सवर तो प्रोग्रॅम संपताना गळतीही नोंदवतो.

टेबल मोडण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रत्येक साखळीत पुढच्या नोडचा पत्ता आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये जपावा, मग नाव, मग नोड फ्री करावा. सर्व साखळ्या संपल्यावर बकेट-अ‍ॅरे आणि शेवटी टेबलची रचना. पत्ता न जपता नोड आधी फ्री केला, तर परत केलेल्या मेमरीतूनच पुढचा पत्ता वाचला जातो, आणि तो दोष गळतीपेक्षा गंभीर आहे.

प्रयोगशाळेतील प्रोग्रॅम काही क्षणांत संपतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्याची सगळी मेमरी परत घेते, म्हणून तेथे गळती जाणवत नाही. दिवसभर लिलावांचे दर घेत राहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती साचत जाते. यासाठी चाचणीत एकाच बाजाराचा दर हजार वेळा बदलावा, मग सर्व नोंदी काढाव्यात, टेबल मोडावे, आणि व्हॅलग्राइंडच्या अहवालात मेमरी घेतल्याची व परत केल्याची संख्या सारखी येते का ते पाहावे.