दहा की अकरा? आधी ते एक बटण बघा, मग भांडा

मुंबईत लॅमिंग्टन रोडला कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात दहा मिनिटं उभं राहा, कुणीतरी येऊन विचारणारच, गेमिंगसाठी विंडोज १० टाकू की ११? आणि काउंटरमागचा माणूस डोकं वर न करता सांगणार, दहाच टाका, अकरा लॅग मारतं. ऑफिसच्या कँटीनमध्ये तेच, साखरपुड्याच्या जेवणात बाजूला बसलेल्या कुणाच्या तरी दिराकडून तेच. मी कॉलेजपासून मशीन जोडतेय, आणि हे वाक्य ऐकून आता माझे कान किटलेत. म्हणून एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पुढे ढकलेन.

दहाबद्दल मी काय सांगणार, तुम्ही ते वर्षानुवर्षं वापरलंय. जुलै २०१५ला आलं, १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा सपोर्ट संपला. संपला म्हणजे सिक्युरिटी अपडेट बंद, गेम बंद नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुणाचा गेम मेला असं झालेलं नाही. घरच्या वापरासाठी अजून एक वर्षाचे अपडेट घेता येतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सेटिंग सिंक केलं तर फुकट. गेम खरा कधी थांबतो? जेव्हा लाँचर (गेम सुरू करणारं ॲप), ड्रायव्हर (कार्डसारखे भाग विंडोजशी जोडणारा प्रोग्रॅम) किंवा अँटिचीट (चीटिंग पकडणारा प्रोग्रॅम) हात वर करतं तेव्हा. विंडोज ७चा सपोर्ट जानेवारी २०२०ला संपला पण स्टीम या लाँचरने ७ आणि ८ला सोडलं १ जानेवारी २०२४ला, म्हणजे मध्ये चार वर्षं लोक आरामात खेळत होते. एनव्हिडियाने आपल्या आरटीएक्स ग्राफिक्स कार्डांसाठी दहावर गेम रेडी, म्हणजे नव्या गेमसाठीचे, ड्रायव्हर ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ असं सांगितलंय. आणि जीटीएक्स १०६० वगैरे जुन्या कार्डवाल्यांनी या वादात पडूच नये, त्यांचे गेम रेडी ड्रायव्हर २०२५मध्येच थांबले, विंडोज कुठलंही असो.

किरकोळ फरक पटापट उरकते. स्टार्ट मेन्यू मध्ये आला की कोपऱ्यात राहिला याने फ्रेम, म्हणजे गेम सेकंदाला किती चित्रं दाखवतो ते, बदलत नाही. गेमच्या ग्राफिक्ससाठी लागणारं डायरेक्टएक्स १२ अल्टिमेट दोन्हीत आहे. गेम पटकन लोड करणारं डायरेक्टस्टोरेज दोन्हीत चालतं, अकरात थोडं जास्त चांगलं. गेमचे रंग आणि उजेड खुलवणारं ऑटो एचडीआर फक्त अकरात, पण त्यासाठी एचडीआरचा धड मॉनिटर लागतो आणि तो आपल्यातल्या किती जणांकडे आहे. जुने गेम म्हणाल तर सेफडिस्क नावाचं कॉपीविरोधी कुलूप असलेल्या जुन्या सीड्या दहावरही चालत नाहीत आणि अकरावरही नाहीत, डॉसचे गेम दोन्हीकडे डॉसबॉक्स या प्रोग्रॅममध्येच चालवायचे, तेव्हा जुन्या गेमसाठी दहा हा मुद्दा निकालात. एकच फरक खरा मोठा, इंटेल १२व्या जनरेशनपासून बऱ्याच प्रोसेसरमध्ये मोठे कोअर आणि छोटे कोअर असे दोन प्रकार येतात, आणि कुठलं काम कुणाला द्यायचं हा प्रोसेसरचा इशारा अकराला नीट कळतो, दहाला तितका कळत नाही. असा प्रोसेसर असेल तर अकरा टाका, विषय संपला.

आता मुद्द्याचं. "अकरावर फ्रेम पडतात" असं म्हणणारे दहापैकी नऊ जण दहा आणि अकराची तुलना करतच नसतात. ते तुलना करतात एका बटणाची, चालू विरुद्ध बंद. बटणाचं नाव मेमरी इंटिग्रिटी. विंडोज सिक्युरिटी उघडा, डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, त्यात हे बसलेलं असतं. आणि नीट वाचा, हे दहातही आहे, त्याच जागी, त्याच नावाने. फक्त दहात ते सहसा बंद असतं आणि नव्या मशीनवर अकरा कोरं टाकलं की बहुतेक वेळा आपोआप चालू होतं. दहावरून अपग्रेड करून अकरावर आलेल्यांचं बऱ्याचदा जसं होतं तसं बंदच राहतं. त्यामुळे होतं काय, एक मित्र म्हणतो माझं अकरा लोण्यासारखं चालतं, दुसरा म्हणतो माझं रखडतं, दोघांचं प्रोसेसर कार्ड सगळं सेम, आणि दोघं एकमेकांना खोटारडे म्हणत बसतात. एकाने अपग्रेड मारलंय, दुसऱ्याने फॉरमॅट मारलंय, एवढीच गोष्ट. किंवा एकाच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (एका मशीनच्या आत वेगळं मशीन चालवायची सोय) बंद आहे, ते बंद असलं की हे बटण चालूच होऊ शकत नाही. किंवा एकाकडे कुठल्यातरी जुनाट प्रिंटरचा ड्रायव्हर पडलाय जो या बटणाच्या तपासणीत बसत नाही, मग विंडोज म्हणतं आधी हा काढा. म्हणजे गंमत बघा, अडगळ भरलेलं मशीन पळतं आणि स्वच्छ मशीन रखडतं, आणि दोष जातो अकराच्या नावावर.

हे बटण करतं काय? आपल्या सोसायटीचा गेट डोळ्यासमोर आणा. बटण बंद म्हणजे वॉचमन खुर्चीत, ओळखीचा चेहरा दिसला की जाऊ देतो. बटण चालू म्हणजे विंडोजच्या सगळ्यात आतल्या भागात, कर्नलमध्ये, जो कोड चालायला येईल त्याची आधी एका वेगळ्या बंद खोलीत तपासणी, सही बरोबर असेल तरच आत. ती बंद खोली हायपरव्हायझर नावाचा प्रोग्रॅम बनवतो, म्हणजे तुमचं अख्खं विंडोज त्याच्या डोक्यावर बसून चालतं. ड्रायव्हरच्या वेषात शिरणारे व्हायरस याने अडतात, तेव्हा ही गोष्ट फालतू नाहीये, उगाच शिव्या घालू नका.

पण तपासणीला वेळ लागतो, आणि किती लागतो ते प्रोसेसरवर. टॉवरमध्ये इंटरकॉम असतो, वॉचमन खालूनच बटण दाबून विचारतो, पाहुणा दोन सेकंदात लिफ्टमध्ये. आमच्या गिरगावातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये इंटरकॉम नाही आणि लिफ्टही नाही, बिचारा चार मजले चढून विचारायला जातो आणि पाहुणा खाली घाम पुसत उभा. इंटेलच्या ७व्या जनरेशनपासून आणि एएमडीच्या रायझनमध्ये झेन २ या पिढीपासून प्रोसेसरमध्येच हा इंटरकॉम आहे. त्याच्या आधीच्या प्रोसेसरवर विंडोज तेच काम सॉफ्टवेअरने निभावून नेतं, म्हणजे जिने चढतं, आणि गेम चालू असताना हे सेकंदाला कितीतरी वेळा होतं. म्हणून नव्या प्रोसेसरवर फरक इतका कमी की फ्रेम मोजणारा काउंटर लावल्याशिवाय कळणार नाही, आणि जुन्यावर गेम हाताला जड लागतो.

आता यातला खड्डा, ज्यात आपल्याकडचे बजेटवाले हमखास पडतात. रायझन ३२००जी आणि ३४००जी. नावात तीन हजार आहे म्हणून लोक म्हणतात हे झेन २. नाहीये! ते झेन प्लस आहेत, आतून रायझन २६००चे भाऊ. आणि हे सगळे कुठल्या प्रोसेसरवर अकरा चालेल त्या मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत बसतात, म्हणजे मायक्रोसॉफ्ट म्हणणार चालेल, दुकानदार म्हणणार चालेल, चालतंही, पण इंटरकॉम नाही. इंटेलवाल्यांना हा घोळ नाही कारण एकदोन अपवाद सोडले तर यादीच ८व्या जनरेशनपासून सुरू होते. तेव्हा ३२००जीवर अकरा टाकून, ते बटण चालू करून कुणी कण्हत असेल तर तो खोटं बोलत नाहीये, फक्त चुकीच्या माणसाला शिव्या घालतोय.

माझा डोंबिवलीचा भाचा घ्या. त्याचं मशीन सहाव्या जनरेशनचं आय५. दुकानवाल्याने यादीची तपासणी चुकवून अकरा टाकून दिलं, वर पैसे घेतले. आठवड्याने फोन, "आत्या, अकरा बकवास आहे गं, गेम अडखळतोय." रविवारी मेगाब्लॉकमध्ये उभ्याने प्रवास करून गेले. बघते तर बटण चालू. त्या प्रोसेसरवर ते आपोआप चालू व्हायला नको होतं, म्हणून विचारलं, तर साहेब म्हणतात, "तिथे पिवळं चिन्ह येत होतं, सारखं दिसायचं, म्हणून मी ऑन केलं." झालं! विंडोज सिक्युरिटी ते पिवळं त्रिकोणी चिन्ह दाखवतं आणि पोरगं शहाणं म्हणून ऐकतं. बंद केलं, रीस्टार्ट मारला, गेम तसाच पळाला जसा आधी दहावर पळायचा. त्याला पटेना, म्हणे आत्या तू अजून काहीतरी केलंस. मग त्याच्या जुन्या एसएसडीवर दहा होतं ते लावलं आणि दहावर तेच बटण चालू केलं. दहा पण लंगडलं. तेव्हा कुठे गप्प बसला. वहिनीने तोवर साबुदाण्याची खिचडी केली होती, त्यामुळे माझा प्रवास अगदीच फुकट गेला नाही.

तर तुम्ही काय करायचं? विंडोज आणि आर एकत्र दाबा, एमएसइन्फो३२ (msinfo32) असं इंग्रजीत टाइप करा, खाली व्हर्च्युअलायझेशनवर चालणाऱ्या सिक्युरिटीची ओळ शोधा, तिच्यापुढे रनिंग दिसतंय का बघा. मग मेमरी इंटिग्रिटी चालू ठेवून आणि बंद करून, दोन्ही वेळा रीस्टार्ट करून, तोच गेम, तीच जागा, तेच ग्राफिक्स. फरक नसेल तर चालू राहू दे, बंद करायचं कारणच नाही. फरक जाणवत असेल तर खेळताना बंद, नंतर चालू, आणि हे मी मनाचं सांगत नाहीये, २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच गेमर लोकांना हा पर्याय लिहून दिलाय. तुमच्या गेमचं अँटिचीट ते चालूच मागत असेल तर मात्र हात लावू नका. आणि ज्या मशीनवर नेटबँकिंग चालतं आणि क्रॅक केलेले गेमही चालतात, त्याचं हे बटण बंद करणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

यात जुन्या व्हिडिओंनी अजून भर घातलीय. ५ ऑक्टोबर २०२१ला अकरा आलं तेव्हा रायझनवर एल३ कॅशचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीचा, खरोखरचा बग होता, काही गेममध्ये १० ते १५ टक्के फटका बसेल असं एएमडीने स्वतः सांगितलं होतं. त्याच महिन्यात तो दुरुस्त झाला. पण त्या दोन आठवड्यांत बनवलेले व्हिडिओ आजही फिरतायत आणि लोक अजून ते पुरावा म्हणून दाखवतात. उलट अकराच्या २४एच२ या पुढच्या मोठ्या अपडेटमध्ये रायझनला फायदाच झाला, त्याचा व्हिडिओ कुणी दाखवत नाही.

टीपीएम (सिक्युरिटीच्या चाव्या सांभाळणारी चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सही तपासायची सोय) यांचा घोळ थोडक्यात. अकरा हे मागतं, बरोबर. पण आता गेमही मागतात, आणि दहावर राहिलात म्हणून सुटका नाही, बॅटलफिल्ड ६ दहावरही सिक्युअर बूट मागतो. व्हॅलोरंट अकरावर दोन्ही मागतो, म्हणून तपासणी चुकवून टाकलेल्या अकरावर तो व्हॅन ९००१चा एरर येतो आणि लोक परत दुकानात रांग लावतात. बायोसमध्ये जाऊन चालू करायच्या आधी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीची आहे ना बघा, जुन्या एमबीआर मांडणीच्या डिस्कवर थेट सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय) बंद केलंत तर विंडोज उठणारच नाही, मग मला रात्री अकरा वाजता फोन करू नका. एमबीआर२जीपीटी नावाची कमांड विंडोजमध्येच आहे, बॅकअप घ्या, ती चालवा, मग बायोस.

आणि ते लाइट विंडोज. गेमर एडिशन, सुपर लाइट, अल्ट्रा काय काय नावं. कुणीतरी अनोळखी माणसाने कापून जोडलेलं विंडोज, ज्यात अपडेट काढलेत, डिफेंडर हा अँटिव्हायरस काढलाय, आणि काय घातलंय ते देवाला माहीत. मेमरी इंटिग्रिटी त्यात सहसा बंदच असते म्हणून ते फास्ट वाटतं. जे काम एका बटणाने झालं असतं त्यासाठी अख्ख्या घराची चावी देऊन आलात.

माझं मत विचाराल तर इंटेल ८वी जनरेशन किंवा पुढचं, रायझनमध्ये खरोखरचं झेन २ किंवा पुढचं, सरळ अकरा. ३२००जी, ३४००जी, २६००, अकराच, पण ते बटण तपासून. सहावी सातवी जनरेशनवाले, दहावरच राहा, ते एक वर्षाचे अपडेट घ्या आणि तोवर बोर्ड प्रोसेसरसाठी पैसे साठवा, तपासणी चुकवून अकरा टाकायचे दुकानदाराला पैसे देऊ नका. विंडोज ७वाल्यांशी मी आता बोलत नाही.

आणि हो, फॉरमॅट मारल्यावर मॉनिटर बघा, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा) असला तरी विंडोज त्याला कधीकधी ६०वर आणून ठेवतं आणि सगळं अडखळल्यासारखं वाटतं. भाच्याचं परवा तेच झालं होतं, तासभर फोनवर अकराला शिव्या घातल्या आणि मी म्हणलं डिस्प्ले सेटिंग उघड, तर पलीकडून एकदम शांतता, मग हळूच, "आत्या, आईला नको ना सांगूस."