हिऱ्यातील अंतर्भूत खनिजे

नैसर्गिक हिरा भूगर्भात वाढत असताना त्याच्या स्फटिकात कोंडले गेलेले इतर खनिजांचे सूक्ष्म कण. मुंबईच्या हिरेबाजारात यांना ‘नॅट्स’ म्हणतात. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये पुडी उघडून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली (लूप) काळा ठिपका दिसला, की ‘कार्बन आहे’ म्हणत भाव पाडला जातो. पुष्कळदा तो ठिपका लोह-निकेलच्या सल्फाइडचा, म्हणजे गंधकाच्या संयुगाचा असतो. भोवतीच्या चिरांतले ग्रॅफाइट तेवढे खरे कार्बन.

बहुतेक हिरे १५० ते २०० किमी खोलीवर, पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणात तयार होतात. हिऱ्याच्या भिंतीतून आत-बाहेर काहीच झिरपत नसल्याने कोंडलेला कण होता तसाच राहतो. आतला तामडा (गार्नेट) जांभळट लाल असेल तर त्यात क्रोमियम आहे आणि हिरा पेरिडोटाइट या प्रावरणाच्या मुख्य खडकातला आहे. नारिंगी तामडा एक्लोगाइटातला. हा खडक बऱ्याचदा खाली दबत गेलेल्या जुन्या सागरतळापासून बनलेला असतो. ‘हिऱ्यापोटी गारगोटी’ ही म्हण नालायक पोराला उद्देशून असली, तरी एक्लोगाइटी हिऱ्यांत ती अक्षरशः खरी ठरते. त्यांत सापडणारे कोएसाइट म्हणजे गारगोटीचेच सिलिका, प्रचंड दाबाखाली घट्ट झालेले. तो दाब पुरता सुटलेला नसतो: आडव्या-उभ्या ध्रुवकांमधून (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपने जाऊ देणाऱ्या गाळण्यांतून) पाहिले तर कणाभोवती ताणाचे उजळ वलय दिसते.

हिऱ्याचे वय थेट मोजता येत नाही. सल्फाइडमधल्या किरणोत्सारी रेनियमचे हळूहळू ऑस्मियम होते; त्यांच्या प्रमाणावरून कणाचे वय काढतात आणि कण व हिरा एकाच वेळी घडले असे धरतात. पद्धतीची कमकुवत बाजू हीच. अशी वये साधारण १०० ते ३५० कोटी वर्षे भरतात. एक्लोगाइटी कण मात्र सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीपासूनच आढळतात, असे २०११ मध्ये दाखवण्यात आले. भूपट्ट एकमेकांखाली जाण्याचे चक्र तेव्हा सुरू झाले असावे, असा त्याचा अर्थ लावला जातो.

ब्राझीलच्या जुईना भागातल्या एका मळकट हिऱ्यात रिंगवुडाइट, म्हणजे ऑलिव्हीन या हिरवट खनिजाचे प्रचंड दाबाखालचे रूप, सापडल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा एवढा, पण त्याच्या वजनात सुमारे दीड टक्का पाणी होते. हे खनिज सव्वापाचशे ते ६६० किमी खोलीवरचे. हिरा जेमतेम २० डॉलरला घेतलेला. आपल्या बाजारात त्याला कोणी हातही लावला नसता.

प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांत तामडा किंवा ऑलिव्हीन नसते. उच्च दाबाने बनवलेल्यांत, हिरा ज्या वितळलेल्या धातूत वाढवतात त्या लोह, निकेल किंवा कोबाल्टचे अवशेष राहतात, आणि ते पुरेसे असतील तर खडा चुंबकाकडे ओढला जातो.