मार्शल, 1971: दोन विजय, आठ पराभव

1971 साली मार्शल विद्यापीठाचा फुटबॉल संघ दहा सामने खेळला आणि त्यातले आठ हरला. एका सामन्यात तर मायामी ऑफ ओहायोने त्यांचा 66-6 असा फडशा पाडला. नुसता गुणतक्ता पाहणारा हे पान उलटून पुढे जाईल. पण वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टन गावात आजही सर्वात जास्त बोललं जातं ते याच हंगामाबद्दल.

हा अमेरिकन फुटबॉल, म्हणजे बराचसा हातांनीच खेळायचा खेळ. आणि कॉलेजचा संघ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येतो तो आंतरमहाविद्यालयीन सामना, जिथे प्रेक्षक म्हणजे दोन्ही बाजूंचे राखीव खेळाडू आणि एखादा चहावाला. तिकडे तसं नाही. ओहायो नदीकाठच्या हंटिंग्टनची वस्ती तेव्हा जेमतेम पाऊण लाख. गावातले डॉक्टर, वकील, व्यापारी वर्गणी काढून संघाच्या मागे उभे राहायचे, परगावच्या सामन्यांनाही जायचे. पुढे काय झालं ते कळायला हे लक्षात ठेवावं लागतं.

संघ मुळात फार नामांकित नव्हताच. 1966 ते 1969 या काळात ओळीने 27 सामने त्यांना विजयाचं तोंड दिसलं नव्हतं. त्यात 1969 मध्ये खेळाडू भरतीत नियम मोडल्याचं उघड झालं आणि मिड-अमेरिकन कॉन्फरन्सने, म्हणजे ज्या गटात ते खेळत त्याने, त्यांना बाहेर काढलं. रिक टॉली या तरुण प्रशिक्षकाने घडी बसवायला घेतली होती.

14 नोव्हेंबर 1970 रोजी मार्शल नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल इथे ईस्ट कॅरोलिनाकडून 17-14 असा हरला. एरवी हा संघ बसने जायचा. त्या मोसमातला विमानाचा प्रवास हा एवढाच. परतताना पाऊस होता, धुकं होतं, आणि हंटिंग्टनचा विमानतळ डोंगरावर. उतरताना किती उंचीवर असायला हवं हे वैमानिकाला सांगणारी यंत्रणा त्या धावपट्टीला नव्हती. डीसी-9 विमान ठरलेल्या किमान उंचीच्या खाली आलं आणि धावपट्टीच्या दीडेक किलोमीटर अलीकडे झाडांना धडकलं. 75 जण गेले: 37 खेळाडू, टॉलींसह संघाबरोबरची आठ माणसं, 25 गावकरी समर्थक आणि पाच कर्मचारी. सहा खेळाडूंची ओळख शेवटपर्यंत पटली नाही. त्यांना गावातल्या स्प्रिंग हिल दफनभूमीत शेजारीशेजारी पुरलं आहे.

मागे उरले ते दुखापतीमुळे किंवा इतर कारणाने न गेलेले थोडे खेळाडू आणि रेड डॉसन हे सहायक प्रशिक्षक. डॉसन नव्या मुलांच्या शोधात मोटारीने परतत होते, म्हणून वाचले.

फुटबॉल बंद करावं, असं म्हणणारे बरेच होते, आणि त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. पण जे विद्यार्थी आणि खेळाडू उरले होते त्यांनी खेळण्याचा आग्रह धरला आणि विद्यापीठाने ऐकलं. प्रशिक्षक मिळेना. एकाने काम स्वीकारलं आणि थोड्याच दिवसांत सोडलंही. अखेर मार्च 1971 मध्ये ओहायोतल्या वूस्टर या छोट्या कॉलेजचे जॅक लेंगेल आले.

आता खरी अडचण माणसांची. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळायची परवानगी नव्हती, आणि मार्शलकडे वरच्या वर्गातली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एनसीएए या राष्ट्रीय नियामक संस्थेने त्यांना खास सूट दिली. पुढच्याच वर्षी ती सगळ्यांनाच मिळाली, पण 1971 मध्ये हे मोठं होतं. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा विद्यापीठातले दुसरे खेळ खेळणारे गडी गोळा केले. संघाला नाव पडलं ‘यंग थंडरिंग हर्ड’. थंडरिंग हर्ड हे जुनं नाव, त्यात ‘यंग’ची भर. तिथे अतिशयोक्ती काहीच नव्हती.

अंगाने हलकी, अननुभवी पोरं घेऊन धसमुसळा खेळ खेळता येत नाही. लेंगेलनी ‘व्हीर’ ही पद्धत घ्यायचं ठरवलं. तिच्यात समोरच्या फळीतला एक गडी मुद्दाम मोकळा सोडतात. तो कोणाच्या अंगावर धावतो हे बघून क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, ऐन क्षणी ठरवतो: चेंडू साथीदाराच्या हाती द्यायचा, स्वतः घेऊन पळायचं, की बाजूला फेकायचा. म्हणजे तो मोकळा गडी अडवायला दांडगा माणूस लागत नाही, डोकं लागतं. ही पद्धत शिकवली शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या बॉबी बाउडन यांनी. स्वतःच्या खेळाच्या फिती आणि वह्या प्रतिस्पर्ध्यापुढे उघड्या करणं ही त्या धंद्यात रोजची गोष्ट नव्हे.

पहिला सामना मोरहेड स्टेटशी, 29-6 असा हरले. मग 25 सप्टेंबरला घरच्या फेअरफिल्ड मैदानावर झेवियरशी गाठ. मार्शलचे गडी अर्ध्यावेळेपर्यंत एका फील्ड गोलच्या, म्हणजे लाथेने खांबांमधून मारलेल्या चेंडूच्या, जोरावर 3-0 पुढे होते. शेवटच्या काही सेकंदांत मात्र 13-9 असे मागे, आणि चेंडू गोलरेषेपासून 13 यार्डांवर. क्वार्टरबॅक रेजी ऑलिव्हर एका बाजूला पळाल्यासारखा दाखवून मागे वळला आणि दुसऱ्या बाजूला हळूच सरकलेल्या टेरी गार्डनरकडे चेंडू टाकला. पुढे जॅक क्रॅबट्री वाट मोकळी करत होता. गार्डनर रेषा ओलांडून गेला तेव्हा घड्याळात वेळ उरलेली नव्हती. 15-13. लोक मैदानात उतरले ते बराच वेळ तिथून हलेनात. अपघातानंतरचा हा घरचा पहिला सामना होता.

आणि तो झेवियर संघ? त्यांचं विमान कधी पडलं नाही, तरी 1973 च्या मोसमानंतर त्यांनी फुटबॉल बंद केलं. संघ चालवणं किती जड जातं ते यावरून कळावं.

झेवियरनंतरच्याच सामन्यात ते 66-6. हंगामात पुढे बोलिंग ग्रीनला 12-10 असं हरवलं, बाकी पराभवच. लेंगेल 1974 पर्यंत राहिले. चार वर्षांत नऊ विजय, 33 पराभव. डॉसननी 1971 संपताच प्रशिक्षकपद सोडलं. ज्यांना चमत्कार हवा असतो त्यांनी हे आकडे लक्षात घ्यावेत: हरण्यापेक्षा जिंकण्याचे सामने जास्त, असा मोसम मार्शलला थेट 1984 साली मिळाला, तोही 1964 नंतर पहिला.

नव्वदच्या दशकात मात्र गाडी रुळावर आली आणि सुसाट सुटली. 1992 मध्ये दुसऱ्या श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद, तेही हंटिंग्टनमध्येच. 1996 मध्ये पुन्हा, पंधरापैकी पंधरा सामने जिंकून. पुढच्या वर्षी ज्या मिड-अमेरिकन कॉन्फरन्सने हाकललं होतं तिनेच परत घेतलं.

डिसेंबर 2001 मध्ये एका बाउल सामन्यात, म्हणजे मोसमाअखेर निवडक संघांमध्ये होणाऱ्या लढतीत, मार्शलसमोर पुन्हा ईस्ट कॅरोलिना उभा राहिला. मध्यंतराला मार्शल 38-8 असा मागे. दोन जादा डावांनंतर मार्शल 64-61 असा जिंकला.

विद्यापीठाच्या आवारात 1972 पासून एक कारंजं आहे. दर 14 नोव्हेंबरला सगळे तिथे जमतात आणि गेलेल्यांची नावं वाचली जातात. मग पाणी बंद करतात. ते सुरू होतं पुढच्या वसंतात.