गिरणगावाचा पुनर्विकास : एका सैल झालेल्या नियमाची पार्श्वभूमी

गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीची बातमी आली की घरे किती आणि अर्ज किती, एवढ्यावरच चर्चा थांबते. प्रत्यक्षात मुंबईतील गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ मध्ये जो नियम करण्यात आला, त्यात सर्वसामान्यांची घरे, शहरासाठी मोकळी जागा, कामगारांची देणी आणि आजारी उद्योगाचे पुनरुज्जीवन या गोष्टी एकमेकींना बांधलेल्या होत्या. ही गाठ कशी सुटत गेली, हे पाहिल्याशिवाय मुंबईतच घरे मिळावीत, या कामगारांच्या आजच्या मागणीमागचा संताप कळणार नाही.

कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली आणि पुढील काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी हा सारा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेल्या माणसांना काम मिळाले. घराची सोय मात्र नेहमीच अपुरी राहिली. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या, त्यांतील एका खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट होते. अशा एकेका खोलीत गावाकडचे अनेक जण पाळीपाळीने झोपत आणि जेवणासाठी खानावळीवर अवलंबून राहत. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकारी कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणगावाचा अर्थव्यवहार गिरणीच्या फाटकाबाहेर किती दूरवर पसरला होता, हे यावरून दिसते. गिरणी बंद पडणे म्हणजे केवळ साचेखात्यातील, म्हणजे मागांवरच्या, माणसाचा पगार थांबणे नव्हते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ, रोज सकाळी फाटकावर ताटकळणाऱ्या बदली कामगारांना कायम करणे आणि एकाच संघटनेला मान्यता देणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणे, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. हा संप रीतसर मागे घेतला गेला नाही. दरम्यान कापडाचे उत्पादन मोठ्या प्रमाणात भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे वळले, १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतलेच गेले नाही. संपामुळेच गिरण्या बुडाल्या, असे सर्रास म्हटले जाते, ते मला अपुरे वाटते. अनेक मालकांनी यंत्रसामग्रीत वर्षानुवर्षे पैसा घातलेला नव्हता आणि गिरणीपेक्षा तिच्याखालची जमीन अधिक मोलाची ठरू लागली होती.

सुमारे ६०० एकरांची ही जमीन शहराच्या अगदी मध्यभागी होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ती विकसित करण्यास प्रथमच परवानगी दिली, पण तीन वाट्यांच्या अटीवर : ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. विक्रीतून येणारा पैसा कामगारांची देणी व गिरणीचे आधुनिकीकरण यांसाठी वापरला जावा, अशी त्यामागची कल्पना होती. मालकांना मात्र जुन्या बांधकामाच्या आत फेरफार करून जमिनीचे वाटे टाळता येत होते आणि अनेकांनी तोच मार्ग धरला. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९६ मध्ये साऱ्या जमिनींचा एकत्रित विचार करणारा आराखडा मांडला होता. तो अमलात आला नाही, ही या इतिहासातील सर्वांत मोठी हुकलेली संधी होय.

त्यानंतर २००१ मध्ये नियमच बदलला. वाटणी आता संपूर्ण जमिनीची नव्हे, तर आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचीच करायची होती; गिरणीची इमारत पाडून मोकळी होणारी जागा हिशेबातून वगळली गेली. गिरण्यांच्या आवारात बांधकामच अधिक असल्याने महापालिका आणि म्हाडा यांच्या वाट्याला फारच थोडे उरले. पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये नियमाच्या या अर्थाविरुद्ध निकाल दिला, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्याआधीच केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ मध्ये आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी मिळून सुमारे २,०२० कोटी रुपयांना विकल्या होत्या, त्यांपैकी एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलच्या जमिनीचे ७०२ कोटी रुपये मिळाले.

रोजगाराचे वचनही कागदावर होते. गिरणी हलवली किंवा तिथे दुसरा उद्योग सुरू केला, तर १ जानेवारी २००० रोजी कामावर असलेल्या कामगाराला किंवा त्याच्या कुटुंबातील एकाला प्राधान्याने नोकरी द्यावी, असे सुधारित नियमात म्हटले आहे; मात्र कामासाठी लागणारी पात्रता त्याच्याकडे असावी, ही अट सोबत होती. व्यापार वाढला, वित्तसंस्था, माध्यमसमूह आणि मॉल आले. परंतु संपानंतर आधीच बाहेर फेकला गेलेला कामगार त्या तारखेच्या अटीत बसत नव्हता आणि त्याच्या मुलामुलींना प्रशिक्षण देण्याची सक्षम यंत्रणा उभी राहिली नाही. सुरक्षारक्षक, सफाई किंवा सामान पोहोचवण्याची कंत्राटी कामे तेवढी त्यांच्या वाट्याला आली.

घरांचा हक्क लढूनच मिळवावा लागला. दत्ता इस्वलकर यांच्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने १९८९ पासून हा प्रश्न लावून धरला आणि म्हाडाच्या वाट्यातील जमिनीवर कामगारांचा हक्क मान्य करून घेतला. जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची पहिली मोठी सोडत निघाली. ही घरे २२५ चौरस फुटांची होती. अर्जदार दीड लाखाच्या आसपास, म्हणजे वाट्याला आलेली जमीन किती अपुरी होती, हे पहिल्याच सोडतीत स्पष्ट झाले. मार्च २०२० मध्ये बॉम्बे डाईंग, स्प्रिंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरील ३,८९४ घरांची सोडत झाली.

शेजारच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास २०१६ मध्ये म्हाडाकडे सोपवण्यात आला. तेथील रहिवाशांना त्याच जागी ५०० चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळणार असून वरळीतील पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. गिरणी कामगारांसाठी मात्र शासनाने २०२४ मध्ये कर्जत मार्गावरील शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याची योजना पुढे आणली. कामगार संघटनांनी तिला विरोध केला असून, मुंबईतच, गिरण्यांच्या उरलेल्या व अन्य सरकारी जमिनींवर घरे द्यावीत, ही त्यांची मागणी कायम आहे.