स्किनचा डॉक्टर म्हणजे ‘क्रीमवाला’? जरा थांबा

"स्किनवाले काय, खरे डॉक्टर थोडीच, कुठलातरी ब्युटीचा कोर्स करून बसतात" हे वाक्य इतकी वर्षं फिरतंय की लोकांना ते खरंच वाटायला लागलंय. साफ चूक आहे. डर्मॅटोलॉजिस्ट, म्हणजे स्किनचा डॉक्टर, आधी पूर्ण डॉक्टर होतो, म्हणजे हृदय, किडनी, बाळंतपण, इमर्जन्सी सगळं शिकून पास झालेला, आणि त्यानंतर साधारण 3 किंवा जास्त वर्षं फक्त त्वचा, केस, नखं यांचं ट्रेनिंग, देशागणिक थोडाफार फरक असतो एवढंच.

आणि त्या ट्रेनिंगमध्ये फेशियल शिकवत नाहीत हो! बायोप्सी घेणं म्हणजे तपासायला त्वचेचा छोटा तुकडा काढणं, तो तुकडा मायक्रोस्कोपखाली वाचणं, कुष्ठरोग आणि गुप्तरोगांवर उपचार, स्किन कॅन्सर कापून काढणं हे सगळं येतं. औषधंही हलकी नसतात, सोरायसिसला (त्वचेवर खवले धरणारा जुनाट आजार) मेथोट्रेक्सेट देतात जे आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, आणि पिंपल्सचं आयसोट्रेटिनॉइन गरोदरपणात घेतलं तर बाळात व्यंग येऊ शकतं. हे कोर्सवाल्याच्या हातात द्याल का?

मानेवरचा काळा जाडसर पट्टा लोक मळ समजून घासत बसतात, पण तो बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो, ते डर्मॅटोलॉजिस्ट बघताक्षणी ओळखतो.

गोंधळ होतो तो ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ (म्हणजे सौंदर्याच्या ट्रीटमेंट करणारा) या शब्दामुळे, बऱ्याच ठिकाणी त्याला डॉक्टरकीची डिग्री लागतच नाही. त्यामुळे बोर्डवरचं नाव नाही, त्याखालची डिग्री वाचा.